परतीचं विमान रविवारचं

बुधवार, ८ मार्च. क्राकूव

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं, कालिनानं, रोमची तिकिटं काढली. शुक्रवारी सकाळचं विमान, रविवारी संध्याकाळी परत. एकविसावा वाढदिवस रोममध्ये करायचा, हे तिचं शाळेपासूनचं ठरलेलं. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने पाडून तिनं वेळापत्रकही केलंय. मी म्हटलं, "भूमापन मी शिकते की तू?" तर म्हणाली, "तू फक्त माझ्या मागे चाल आणि तोंड बंद ठेव."

तिला मी खोटं सांगितलंय. मला रोम बघायचं नाही. मला सेवेरिनला शोधायचंय.

सेवेरिन माझा भाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सात वर्षं झाली तो रोममध्ये गिलाव्याचं काम करतो, जुन्या घरांच्या छतांवरची नक्षी नव्यासारखी करून देतो. ऑगस्टपासून त्याचा फोन बंद आहे. शेवटचा फोन मला आला होता. दुसऱ्या दिवशी माझा राहिलेला पेपर होता आणि तो प्यायलेला होता. रडत होता आणि एकच घोकत होता, "माझा हात, यागोदा, माझा हात." मी म्हटलं, "आधी शुद्धीवर ये, मग फोन कर." आणि बंद केला. त्यानं पुन्हा केला नाही. पेपर मी पास झाले.

आईला मी सांगत आले की तो मलाच फोन करतो, कारण माझं नेट चांगलं आहे. दर पंधरा दिवसांनी मी त्याची एक नवी खुशाली बनवते. एकदा सर्दी, एकदा नवं काम, एकदा शेजाऱ्याचं मांजर. आई ऐकून घेते. "मांजर कुठल्या रंगाचं?" असंही विचारते. मी म्हटलं, करडं.

जानेवारीत आमच्या गावच्या, गोर्लित्सेच्या पिरेकबाई चर्चच्या सहलीबरोबर रोमला गेल्या होत्या. परत आल्यावर दुकानाच्या दारात त्यांनी माझा दंड धरला. "पोरी, स्टेशनपाशी मी तुमच्या सेवेरिनसारखा एक पाहिला. देव करो आणि तो नसो." मी त्यांचे हात धरून विनवलं की आईला सांगू नका. "मी कशाला सांगू गं," म्हणाल्या. बाई चांगली आहे.

आज महिला दिन. वसतिगृहाच्या पहारेकऱ्यानं प्रत्येकीला एकेक ट्युलिप दिलं. माझं पाण्यात ठेवायचं राहून गेलं.


गुरुवार, ९ मार्च

आईनं बसच्या ड्रायव्हरबरोबर पिशवी पाठवली. तिला झालंय तरी काय! पंधरा कटलेट. खसखस भरलेला अख्खा गोड रोल. लोणच्याच्या काकड्या. शिवाय लोकरीचे पुरुषी मोजे दोन जोड आणि एवढा मोठा स्वेटर, की मी आणि कालिना दोघी त्यात मावू. फोन करून म्हटलं, "आई, रोममध्ये अठरा डिग्री आहे. आणि आम्ही दोघीच आहोत."

"असू दे. फरशी गार असते तिथली."

"पंधरा कटलेट कोण खाणार?"

"कुणी ना कुणी खाईल." मग थोडं थांबून म्हणाली, "यागोदा, रविवारी आपल्या पोलिश चर्चमध्ये प्रार्थनेला जा हं. आणि पुढे नको बसूस. दारापाशी उभी राहा. उशिरा येणारे दारापाशीच थांबतात."

मी हो म्हटलं. वय झालं की माणसं फार देवभोळी होतात. आई अजून पन्नाशीचीच आहे तशी.

पिशवीचं वजन साडेचार किलो भरलं. कालिना म्हणते, विमानात एवढं घ्यायचं तर एक तर काकड्या जातील नाही तर तू.


शुक्रवार, १० मार्च. रोम

काकड्या राहिल्या, बाकी सगळं आलं.

दुपारी स्टेशनवर उतरलो तेव्हा मला वाटलं होतं की पायऱ्या उतरताच तो दिसेल. वेडेपणा. तिथे माणसांचा पूर आहे आणि त्या पुराच्या कडेला, खांबांपाशी, पुठ्ठ्यांवर, ते बसलेले असतात. मी प्रत्येकाकडे बघितलं. एक काळा मुलगा, डोळे मिटलेला. एक बाई, चार पिशव्या. एक निळ्या टोपीवाला म्हातारा, साठीचा असेल, दाढी पांढुरकी, उजव्या हातावर मोजा चढवलेला, हातमोजा नव्हे, पायातला मोजा. तो माझ्याकडे बघत होता. मी पुढच्याकडे वळले. सेवेरिन एकोणतीस वर्षांचा आहे, केस गव्हाळ, डाव्या भुवईत लहानपणच्या घसरगुंडीची खाच.

"तू काय माणसं मोजतेयस?" कालिना म्हणाली. "इकडे उभी राहा, आईला फोटो पाठवू."

तिनं माझा फोटो काढला, मागे स्टेशन. मी तो आईला पाठवला. नंतर कोलोसियमपुढचाही पाठवला. कालिना तिथे अर्धा तास रडत होती, एवढं सुंदर आहे म्हणून. मीही रडले. तिला वाटलं दोघी एकाच कारणासाठी रडतोय. तिनं मला मिठी मारली.

आईचा मेसेज आला: "पहिल्या फोटोत मागे खांबापाशी बसलाय तो कोण?"

मी लिहिलं: "कुणीतरी म्हातारा भिकारी. आई, तू कोलोसियम बघ ना!"

"बघितलं. छान आहे. त्या म्हाताऱ्याला काही खायला दिलंस का?"

मी नाही दिलं. आईचं हे असंच. पृथ्वीतलावरचं सगळ्यात मोठं भग्न नाट्यगृह पाठवलं, तर हिची नजर कोपऱ्यातल्या भिकाऱ्यावर.

पाच वाजता डोकं दुखतंय म्हणून हॉटेलात थांबते सांगितलं आणि पुन्हा स्टेशनवर गेले. चार बाजूंना चार पट्टे पाडले आणि एकेक पट्टा चालून काढला, कॉलेजात शिकवलंय तसा. सेवेरिनचा फोटो दाखवत फिरले, चुलतबहिणीच्या लग्नातला, काळ्या कोटातला. कुणी मान हलवली, कुणी हात पुढे केला. निळी टोपीही उठून गेली होती, फक्त पुठ्ठा उरला होता.

पाय सुजलेत. एवढ्या मोठ्या गावात एक माणूस. मी काय समजून आले?


शनिवार, ११ मार्च

आज सकाळी आमची संग्रहालयाची तिकिटं होती. कालिनानं ती दोन महिन्यांपूर्वी काढून ठेवलेली. मी पोट धरून रांगेतून बाहेर पडले. खोटं बोलायची आता इतकी सवय झालीय की पोट खरंच दुखायला लागलं.

पिरेकबाईंनी सांगितलं होतं की संग्रहालयाजवळच्याच मोठ्या चौकापाशी एक पोलिश सिस्टर सकाळी चहा-पाव वाटते. सिस्टर बेनिग्ना. ठेंगणी आहे, पण आवाज फौजदाराचा. मी फोटो पुढे केला तर तिनं तो बघितलाही नाही.

"नावं मी सांगत नसते, पोरी. इथे काहींना शोधून मारायलाही लोक येतात."

"मी बहीण आहे त्याची."

"त्याही येतात." मग माझ्याकडे नीट बघितलं. "रांग लाव. चहा घे. रांगेतली माणसं रांगेतल्यांशी बोलतात."

तर मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक उंच, वाकलेला माणूस होता, लुत्सियान नावाचा, पूर्वी लोड्झला ट्राम चालवायचा. मी फोटो दाखवला.

"अरे वा, हा तर नवरदेव! याला इथे कशाला शोधता? याची बायको पळाली का?"

"माझा भाऊ आहे. सेवेरिन. गिलावा करतो."

"सेवेक नावाचा गिलावेवाला आहे एक. स्टेशनवर बसतो."

घरी आम्ही त्याला सेवेकच म्हणतो. "डाव्या भुवईत खाच आहे?"

"भुवया कोण बघतो मॅडम? त्याला उजव्या हाताला दोन बोटं नाहीत, एवढं माहितीय. उन्हाळ्यात पायाडावरची कप्पी सरकली म्हणे. मालक दवाखान्याच्या दारात टाकून पळाला."

मग तो नव्हे. माझ्या भावाची दहाही बोटं शाबूत आहेत. तसं म्हटल्यावर लुत्सियान म्हणाला, "असतील बापडी. शेवटची कधी मोजली होतीत?"

मला त्याचा राग आला. पण आईची कटलेटं पिशवीत होती, ती काढली. तो चार खाऊन म्हणाला, "माझ्या आईच्यात लसूण जास्त असायचा," आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात मागून आवाज: "हे पोटदुखीवरचं औषध का?"

कालिना. हातात दोन्ही तिकिटं. मला बघायला म्हणून ती संग्रहालयातून वीस मिनिटांत बाहेर पडली, हॉटेलात मी नाही, फोन उचलत नाही, म्हणून तासभर वेड्यासारखी फिरत होती. आणि मी इथे, भिकाऱ्यांच्या रांगेत, कटलेटं वाटत.

"माझ्याबरोबर यायचं नव्हतं तर सांगायचंस ना! मी एकटी आले असते. दोन दिवस तू माझ्या शेजारी चालतेयस आणि एकदाही वर बघितलं नाहीस. एकदाही! छतं वर असतात, यागोदा!"

मी तिला सांगितलं. सगळं. फोन, मांजर, पिरेकबाई, सगळं. रस्त्यात उभी राहून. ती ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतला राग कमी होत नव्हता.

"तीन वर्षं एका खोलीत राहतोय आपण," ती म्हणाली. "तुला भाऊ आहे एवढंच मला माहीत. तो 'मजेत आहे' असं तू मलाही सांगितलंस. नाताळात. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. मी कुणाकुणाला काय सांगितलंय याचा मला आता हिशोब राहिलेला नाही.

मग तिनं वेळापत्रकाचा कागद काढला, उलटा केला आणि म्हणाली, "बोल. कुठे बघून झालं, कुठे राहिलं?"

दुपारभर दोघी फिरलो. तीन निवारे, दोन बागा. एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून सांगितलं, नाव यादीत नाही. रात्री हॉटेलात कालिना बूट न काढताच झोपली. उद्या तिचा वाढदिवस आहे.

आईचा मेसेज होता: "स्टेशनाकडे पुन्हा गेला होतात का?" मी लिहिलं, आई, स्टेशनात बघण्यासारखं काही नाही.

मला आता वाटायला लागलंय की तो मेलाय. हे पहिल्यांदाच लिहितेय. लिहिलं तर निदान छातीतून बाहेर येईल असं वाटलं होतं. येत नाही.


रविवार, १२ मार्च. सकाळ

चर्चच्या दारापाशी दीड तास उभी राहिले. उशिरा येणारे आले. एक बाळ घेतलेली बाई, दोन रंगारी, एक जण दारूच्या वासाचा. प्रत्येक वेळी दार करकरलं की मी वळून बघायचे. तो आला नाही. प्रार्थनेत 'हात उंचावून' असं काहीतरी होतं. सगळ्यांनी हात वर केले आणि मी ते हात बघत राहिले, आणि एकदम मला तो फोन ऐकू आला.

माझा हात, यागोदा. माझा हात.

तो मदतीचा हात मागत नव्हता. दारूत बरळत नव्हता. तो सांगत होता.

मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले. कालिना पाणी आणायला गेली. मी आईला फोन लावला. मला काय बोलायचं होतं ते माहीत नव्हतं. "आई," म्हटलं.

"सापडला नाही का?" आई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"पिरेकबाई सहलीवरून आली त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली होती," आई म्हणाली. "रडू नको. नीट ऐक. पहिला फोटो उघड. खांबापाशी बसलाय त्याचा चेहरा मोठा करून बघ. माझा फोन लहान आहे, मला खात्री नाही. पण तो मान जशी धरतो ना... बघ."

मी फोटो उघडला. मोठा केला. निळी टोपी. पांढुरकी दाढी, पांढरी नव्हे, धुळीनं माखलेली. हातावर मोजा. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. माझ्या पाठीकडे बघत होता.

मी त्याच्यापासून पाच पावलांवर उभी होते. फोटोत अंतर मोजता येतं. साडेतीन मीटर.

विमान सहा चाळीसला. आत्ता सव्वाबारा वाजलेत. टॅक्सीत लिहितेय.


रविवार. नंतर

पुठ्ठ्याच्या जागी लुत्सियान बसला होता. मला बघून त्याची थट्टा पळाली.

"बोटं मोजलीत वाटतं," तो म्हणाला.

"कुठे आहे तो?"

"शुक्रवारपासून इथे नाही. सामान उचललं आणि नदीकडे गेला. मी विचारलं, काय झालं रे? म्हणाला, बहीण आली होती. मी म्हटलं, मग? तर म्हणाला, माझ्याकडे सरळ बघून पुढे गेली. बरं झालं, म्हणाला. आता सुटलो." लुत्सियान स्वतःच्या बुटांकडे बघत बोलत होता. "काल रांगेत तुम्ही सांगितलंत तेव्हाच मला कळलं होतं मॅडम. पण तुम्ही म्हणालात, तो नव्हे. तर मला वाटलं, तुम्हालाही तो नकोच असेल. असतं असं. माझ्या पोरीचं आहे."

मी त्याच्या पुढ्यात खाली बसले आणि किंचाळले. लोक थांबले. कालिनानं मला उठवलं.

नदीवरचे बारा पूल आम्ही बघितले. पुलांखाली खरी गावं वसलेली आहेत, तंबू, चुली, वाळत घातलेले कपडे. कालिना एका काठानं, मी दुसऱ्या. ती पलीकडून हात हलवायची, नाही. मी हलवायचे, नाही. तीन वाजले. साडेतीन. प्रत्येक पुलाखाली पाण्याकडे बघायची मला भीती वाटत होती, कारण 'सुटलो' या शब्दाचे दोन अर्थ होतात.

पावणेचारला तो दिसला. पुलाखाली नव्हे, थोडं पुढे, उघड्यावर, काठाच्या दगडी पायरीवर. पाय पाण्यापासून वीतभर. मी हाक मारली नाही. पळून जाईल असं वाटलं. जाऊन शेजारी बसले. त्याला कुजका वास येत होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझं विमान कितीचं आहे?"

सात महिन्यांनी त्याचं पहिलं वाक्य.

"गेलं," मी म्हटलं.

"खोटारडी. पोलिश विमान सहा चाळीसला असतं. मला पाठ आहे."

"सेवेक, मी तुला ओळखलं नाही."

"माहितीय."

"मी तुझ्याकडे बघितलं आणि ओळखलं नाही."

"अगं, माहितीय. मी होतो ना तिथे." त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "मीही आरशात ओळखत नाही. तू कशी ओळखणार?"

मग मी ते बोलले, जे सात महिने कुणाला बोलले नव्हते. की तो फोन मीच बंद केला. की दुसऱ्या दिवशी पेपर होता. की तो हाताचं सांगत होता आणि मी ऐकलं नाही.

त्यानं आता कुठे माझ्याकडे वळून बघितलं. भुवईत खाच होतीच.

"कुठला फोन?" तो म्हणाला.

त्याला आठवतच नाही. ऑगस्टातलं त्याला काहीच आठवत नाही. दवाखान्यानंतरचे दोन महिने त्याच्यासाठी कोरे आहेत. मी ज्याच्यासाठी रोज मरत होते, ते त्याच्याकडे नाहीच. सगळं माझ्याकडेच आहे. माफ करायलासुद्धा कुणी नाही.

मी मोठ्यानं रडले आणि तो कसंनुसं तोंड करून, मोजा घातलेल्या हातानं माझ्या पाठीवर थोपटत राहिला, लहानपणी पडले की थोपटायचा तसा.

"घरी चल."

"नाही."

"आईला माहीत आहे."

त्याचा हात थांबला. "काय काय?"

"सगळं. जानेवारीपासून."

मी फोन लावून त्याच्या कानाला धरला. आई काय बोलली मला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "हो." मग बऱ्याच वेळानं, "उजवा." मग, "दोन. करंगळी आणि तिच्या शेजारचं." मग नुसताच ऐकत राहिला, आणि त्याचे खांदे हलायला लागले.

फोन परत देताना म्हणाला, "येत नाही मी. पण आज इथून कुठे जात नाही. एवढंच."

कालिना पुलावर उभी होती. विमानतळाची साडेचारची गाडी तिनं सोडली असती, मीच हाकललं. तिनं स्वतःचं जाकीट माझ्या अंगावर टाकलं. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या, ते ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आठवलं.


सोमवार, १३ मार्च

सिस्टर बेनिग्नानं दोन रात्रींसाठी खाट दिली, त्याला आणि मलाही. डॉक्टर येऊन गेला. एकदम दारू तोडू नका, झटके येतील, म्हणाला. गोळ्या दिल्या, वेळा लिहून दिल्या. सेवेरिनचे हात थरथरतात, घाम येतो, मध्येच आईवरून मला शिव्या देतो आणि आई आमची एकच आहे हे लक्षात येऊन थांबतो.

सकाळी 'येतो' म्हणाला. अकराला 'येत नाही' म्हणाला. मी बाथरूमला गेले तेवढ्यात निघून गेला. दोन तास! मी भिंतीला डोकं टेकून उभी होते. मग लुत्सियान त्याला मानगुटीला धरल्यासारखा घेऊन आला. "हे घ्या. फुकट मिळणारं विमान, घर, आई सोडून स्वारी चालली होती बिअर शोधायला."

"बसनं जाणार आहोत," मी म्हटलं. "तुम्हीही चला. लोड्झपर्यंत सोडू."

"मी? माझा इथे प्लॉट आहे मॅडम. या खांबापासून त्या खांबापर्यंत. तुम्हीच मोजून द्या एकदा." तो हसला आणि माझ्याकडे न बघता गेला.


मंगळवार, १४ मार्च

कागदपत्रांचं झालं. दूतावासातल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही या गृहस्थांना ओळखता?" सेवेरिन माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सही केली.

रात्री दहाची बस. सव्वीस तास.


बुधवार, १५ मार्च. बसमध्ये

ऑस्ट्रियात कुठेतरी. बर्फ. त्याला दोनदा उलटी झाली. पुढच्या सीटवरची बाई नाक धरून ड्रायव्हरकडे तक्रार करून आली. ड्रायव्हर आला, बघून म्हणाला, "आजारी आहे का?" मी हो म्हटलं. "मग आजाऱ्यासारखं झाकून घ्या," म्हणाला, आणि स्वतःचं ब्लँकेट दिलं.

मला झोप येत नाही. तो झोपलाय. झोपेत उजव्या हाताची नसलेली बोटं हलतायत असं वाटतं, उरलेली ज्या तऱ्हेनं आखडतात त्यावरून. मी त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतेय. पाठ करतेय.

हे सगळं टिकणार नाही, असं मला मनातून वाटतं. मग मी हे का करतेय? माहीत नाही. दुसरं काही करताच येत नाही म्हणून.


गुरुवार, १६ मार्च. गोर्लित्से

आई दारात उभी होती. मला वाटलं होतं ती धावत येईल, रडेल. ती म्हणाली, "सूप गरम आहे," आणि बाजूला झाली. तो आत गेला. मग तिनं दाराची चौकट घट्ट धरली आणि तशीच उभी राहिली. तिची बोटं पांढरी पडली होती.

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात खाट सोमवारी मिळणार. म्हणजे मधे चार दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हेच चार दिवस कठीण.

तो आंघोळ करत होता तेव्हा मी आईला विचारलं, "मी एवढं खोटं बोलत होते, तू ऐकून कसं घेतलंस?"

आई बटाटे सोलत होती. "तू फोनवर त्याचं सांगायला लागलीस की तुझा आवाज बरा व्हायचा. मांजराचं सांगितलंस तेव्हा तर हसलीस. म्हटलं, मला कळलंय असं सांगितलं तर ही कशाच्या आधारानं उभी राहील?"

"आणि तू स्वतः का नाही गेलीस?"

सुरी थांबली. "मी गेले असते आणि मला बघून तो पळाला असता, तर मग माझ्याकडे काहीच उरलं नसतं. तुझ्यापासून तो पळणार नाही असं वाटलं." आणि मग, फार हळू, "मी भित्री आहे, यागोदा."

जेवताना तो म्हणाला, पलंग नको, मऊ लागतो. आईनं त्याची गादी स्वयंपाकघरात खाली टाकली, चुलीपाशी.

मी आईला म्हटलं, दाराला कुलूप लावू या. आई नको म्हणाली. मग मी त्याचे बूट उचलून माझ्या कपाटात लपवले. मार्चचा चिखल आहे, अनवाणी कुठे जाणार? अर्ध्या तासानं बघते तर आईनं ते शोधून काढलेले. पायरीवर बसून ती ते घासत होती. रोमचा सगळा मळ काढला, पॉलिश केलं, आणि दाराशी आणून ठेवले, टोकं बाहेरच्या दिशेला.

"वेडी झालीस का?" मी ओरडले. "त्याला जा म्हणून सांगतेयस?"

"तो कैदी नाही," आई म्हणाली.

मी जागी राहणार आहे.


शुक्रवार, १७ मार्च

जागी राहिले नाही. उशीवर डोकं टेकलं आणि दगडासारखी झोपले.

सहाला दचकून उठले आणि थेट दाराकडे धावले. दार लोटलेलं होतं. बूट तिथेच होते. चकचकीत पॉलिशवर घोट्यापर्यंत ताजा, ओला चिखल होता.

स्वयंपाकघरात तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. चुलीपाशी आई बसली होती, कालच्याच कपड्यांत. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला खूण केली, दार लावून घे, गार वारा येतोय.